कोण आलं, कोण गेलं

महूत वाढलेली मुलं वाचायला पाट्यांवर शिकतात. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि लष्कराच्या भिंतींवर दोन्हींपेक्षा मोठ्या अक्षरांतला हुकूम: ‘फोटो खींचना मना है’. बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी तो मोठ्याने वाचायचे. आमच्या घरी तेव्हा कॅमेरा नव्हता. ओळखीत एका घरी होता, पण त्यात बहुधा फिल्म नसायची. त्यामुळे त्या मनाईचं मला नवल वाटायचं. भिंतीचा फोटो काढून कुणी काय करणार? भिंत लपवायची नसते. फाटकातून कधी कोण आत गेलं, किती गाड्या बाहेर पडल्या, पहारा किती वाजता बदलला, ते लपवायचं असतं, हे कळायला बरीच वर्षं जावी लागली. ते कुणी शिकवलं असंही नाही. छावणीच्या गावात राहून अंगात मुरलं.

आता त्याच रस्त्यांनी जाताना नजर पाट्यांवरून निसटून कॅमेऱ्यांवर जाते. किराणावाल्याच्या शटरवर, दातांच्या डॉक्टरच्या दारावर, कौलारू घराच्या वळचणीला. मेन स्ट्रीटवरून भाजी घेऊन परत येईपर्यंत आपला चेहरा कितीजणांच्या कपाटात जाऊन बसतो, कोण जाणे. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं, आमच्या फाटकावरचा कॅमेरा बोलका आहे हे कळेपर्यंत.

ते लक्षात आणून दिलं सुभेदारसाहेबांनी. ते मूळचे साताऱ्याकडचे. सगळी नोकरी लष्कराच्या सिग्नल्समध्ये झाली, आणि पेन्शन घेतल्यावर गावी न जाता इथेच राहिले. महूत असं होतं. लष्कराचं दूरसंचार अभियांत्रिकीचं महाविद्यालय इथे आहे, त्यामुळे या गावात चहाच्या टपरीवरही अँटेनाबद्दल अधिकारवाणीने बोलणारा एखादा भेटतो. सिग्नल्सची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ ची आणि ब्रीद ‘तीव्र चौकस’. सुभेदारसाहेबांकडे पाहून त्यातला पहिला शब्द पटत नाही, इतके ते संथ. दुसरा मात्र लगेच पटतो. दिवाळी अंक परत करायला आले होते. वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही अशी माझी कुरकुर ऐकली आणि राउटरचं पान उघडून बसले. आमच्या घराच्या भिंती हातभर जाड आहेत. आजेसासऱ्यांनी उन्हाळ्याचा विचार करून बांधल्या. वायफायचा विचार त्यांनी कशाला करावा?

बराच वेळ पाहून ते म्हणाले, “बाई, हा तुमचा फाटकावरचा गडी कुणाला तरी सारखी हजेरी देतोय.”

“कुणाला?”

“बाहेर. लांब कुठे तरी.”

त्यात काही कट नव्हता, हे त्यांनीच नंतर समजावलं. हल्ली इंटरनेट देणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा पुष्कळ घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. त्यामुळे बाहेरून थेट आपल्या घरातल्या कॅमेऱ्याचं दार ठोठावता येत नाही. मग कॅमेराच आतून बाहेर, कंपनीच्या सर्व्हरला, ‘मी आहे, मी आहे’ असं सांगत राहतो. आपण बाजारात उभं राहून फोनवर फाटक पाहतो तेव्हा आपला फोन आणि कॅमेरा यांची गाठ तो सर्व्हर घालून देतो. सोय खरीच आहे. पण घरातल्या माणसांनी दूध घेतलं की नाही हे आपल्याला कळण्याआधी एका तिऱ्हाइताला विचारावं लागतं, आणि तो तिऱ्हाईत कोण, कुठल्या देशात, त्याच्या घरी किल्ल्या कोण सांभाळतं, यातलं आपल्याला काही ठाऊक नसतं. त्यात त्या ॲपने मागचं चित्र पाहायला महिन्याचे पैसे मागायला सुरुवात केली होती. आमच्याच फाटकाचं चित्र, आणि आम्हीच भाडं भरायचं.

इथून माझा शोध सुरू झाला: दुसरं काही मिळतं का?

इंदूरला रवींद्रनाथ टागोर मार्गावर सिल्व्हर मॉल आहे. माळव्यातले अर्धे संगणक तिथूनच निघाले असतील. तिथल्या दुकानातल्या मुलाने मला पाहून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, “आंटीजी, अंकल नहीं आए?” अंकल घरी क्रिकेट बघत होते. मी ओएनव्हीआयएफचं नाव काढलं तेव्हा तो थोडा सरळ बसला. हा २००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी मिळून सुरू केलेला करार. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना आणि रेकॉर्डरांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून. ज्या कॅमेऱ्याला ती भाषा येते त्याला त्याच्या कंपनीच्या ॲपवाचून जगता येतं. माझी एवढीच अट होती. “भिया, एक वो वाला दिखाना,” तो आत ओरडला, आणि मग खोकी येत राहिली.

खोक्यांवरचे पत्ते वाचण्याचा नाद मला तिथे लागला. हिकव्हिजन आणि दाहुआ, दोन्ही हांगझोऊचे. अमेरिकेने २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांच्या नव्या उपकरणांना परवानगी देणं थांबवलं, ते चिनी सरकारच्या भीतीने. पण आपल्याकडेही बाजाराचा चेहरा बदलला आहे. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायचा सीसीटीव्ही कॅमेरा सरकारमान्य प्रयोगशाळेतून सुरक्षेची तपासणी होऊन यावा लागतो: आत कुठली चिप आहे, चित्र कुलूप लावून पाठवलं जातं का, चोरवाट ठेवली आहे का. मायक्रोटिकचा राउटर लॅटव्हियातल्या रिगाचा. स्वस्त आणि कर्तबगार, पण त्याच्या पडद्यावर इतकी बटणं की विमान चालवायला बसल्यासारखं वाटावं. आणि एक पत्ता वाचून मी चक्क हसले: वेर्णा, गोवा. डी-लिंकच्या भारतातल्या कंपनीचं नोंदलेलं ठिकाण ते, आणि डिजिसोलवाल्या स्मार्टलिंकचंही. गोवा म्हटलं की आमच्याकडची माणसं समुद्राचं बोलतात. मडगावच्या वरच्या त्या माळावर देशभरच्या घरांतल्या जाळ्याचा धंदा उभा राहिला, याचा उल्लेख कुणी करत नाही.

कुठल्या देशाचा डबा घ्यावा, हा प्रश्न मात्र मला फार वेळ धरून ठेवता आला नाही. डबा कुठलाही असो, आतला पासवर्ड कारखान्यातला ठेवला तर देश बदलून काय होणार? २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका प्रोग्रॅमने जगभरातले घरगुती कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याकडे सुमारे साठ नावं-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, बाकी काही नाही. ॲडमिन-ॲडमिन, रूट आणि सहा वेळा आठ, असल्या. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला या कॅमेऱ्यांच्या फौजेने डाइन नावाच्या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अमेरिकेतल्या पुष्कळांना दिसेनासे झाले. कुणाच्या तरी गॅरेजवरचा, कुणाच्या तरी दुकानातला कॅमेरा. मालकाला पत्ताही नाही. वर्गात मी नागरिकशास्त्र शिकवायचे. हे उदाहरण तेव्हा हाताशी असतं तर एक तास बरा गेला असता.

शेवटी जे घेतलं ते असं. कॅमेरे तपासणी झालेले, साधे, ओएनव्हीआयएफवाले. राउटर असा की ज्यात कंपनीचं सॉफ्टवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी घालता येतं. त्याचाही इतिहास मजेदार आहे: लिंकसिसच्या निळ्या-काळ्या डब्यात लिनक्स वापरलं होतं, म्हणून त्याच्या परवान्याप्रमाणे कंपनीला २००३ साली आतली संहिता उघड करावी लागली, आणि त्यातून जगातल्या हौशी लोकांनी हे मोफत सॉफ्टवेअर उभं केलं. आणि रेकॉर्डरच्या जागी घरातलाच एक जुना संगणक, त्यावर फ्रिगेट. हेही फुकट, उघडं. चित्र घराबाहेर पाठवत नाही, आणि माणूस, कुत्रा, गाडी यांतला फरक आपल्या आपण ओळखतं. कॅमेऱ्यांसाठी राउटरमध्ये एक वेगळी आळी केली. त्या आळीतून बाहेरच्या जगाकडे जाणारी वाटच नाही. आता हजेरी द्यायची तर घरातच. फोनवर लांबून पाहायचं झालं तर वायरगार्डच्या बोगद्यातून, आमचं आम्ही घरात शिरून पाहायचं.

यात स्वस्त काही पडलं नाही, हे सांगायलाच हवं. दुकानातला मुलगा अर्ध्या पैशात रेकॉर्डरसकट सगळं लावून द्यायला तयार होता, संध्याकाळपर्यंत. आमचं काम सुभेदारसाहेबांच्या सवडीने आणि माझ्या चिकाटीने कित्येक रविवार चाललं. ज्याच्या शेजारी सुभेदारसाहेब नाहीत त्याने काय करावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. बहुतेकांच्या शेजारी नसतातच.

पण ते रविवार मला आवडले. तारेत एक समाधान आहे. निळसर-करड्या वेष्टणात आठ बारीक तारा, जोडीजोडीने पिळलेल्या. पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा क्रम मी पाढ्यासारखा पाठ केला. त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही जाते आणि त्याच तारेतून चित्र येतं. शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार. मागच्या आवारातल्या खोलीकडे मात्र सुभेदारसाहेबांनी तांब्याची तार जाऊ दिली नाही. “मृगात इथे वीज कशी पडते माहीत आहे ना? जवळपास जरी पडली तरी तांबं तिला आत घेऊन येतं. काच आणत नाही.” म्हणून तिथे काचेचा, म्हणजे फायबरचा तंतू गेला. जानापावच्या डोंगरावरून ढग उतरायला लागले की मला आता त्या तंतूची आठवण होते.

हिशेब मीच केला, कारण अंकगणितावर माझा विश्वास आहे. एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट चित्र पाठवतो. म्हणजे तासाला १.८ जीबी, दिवसाला त्रेचाळीस. तीन कॅमेऱ्यांचे एकशेतीस. दोन टीबीच्या डिस्कवर साधारण पंधरवडा मावतो. त्यानंतर जुन्यावर नवं लिहिलं जातं. प्रतिपदेला आलेला दूधवाला अमावास्येला पुसला जातो. याचं मला फार बरं वाटलं. सासूबाईंना वाटलं नाही. “मग पुढे कधी तरी बघायचं झालं तर?” त्यांनी विचारलं. पुढे कधी तरी काय बघायचं, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

संगणकाच्या जाळ्यावर चित्र दाखवणारा जगातला पहिला कॅमेरा केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली लागला, तो कॉफीच्या भांड्यावर. जिना उतरून जावं आणि भांडं रिकामं निघावं, हा छळ चुकवण्यासाठी. १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं करडं चित्र. दोन वर्षांनी ते इंटरनेटवर गेलं आणि २००१ पर्यंत जगभरातली माणसं इंग्लंडातलं ते भांडं भरलं आहे की नाही हे पाहत होती. इतकं निरुपद्रवी पाहणं पुन्हा कुणाला जमलं नसेल.

आमच्या गावाचं पाहणं कधीच तसं नव्हतं. महू वसलंच मुळी नजर ठेवायला. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला. होळकरांकडून तात्या जोगांनी आणि इंग्रजांकडून माल्कमने तो केला, कारण गादीवरचे मल्हारराव अजून पोरवयातले होते. इंदूरला रेसिडेंट बसला आणि तिथून तेरा मैलांवर, बऱ्यापैकी उंचावर, फौजेची छावणी पडली: ही. माल्कम स्वतः विलक्षण चौकस माणूस. त्याने माळव्यातल्या जाती, पिकं, वाटा, सरदारांची घराणी, सगळं टिपून ठेवलं आणि १८२३ साली लंडनमध्ये त्याचं जाडजूड पुस्तक निघालं. आज माळव्याचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही, ही गोष्ट मला नेहमी थोडी खुपते. ज्याने पाळत ठेवली त्याच्याचकडे आपली जुनी चित्रं आहेत.

पण पाहणाऱ्याला सगळंच दिसतं असंही नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळावी म्हणून काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि सातपुडा ओलांडून महूच्या वाटेला लागले. वाटेत भेटलेल्या पलटणीतल्या शिपायांनी त्यांना पुढे काय होणार आहे ते आधीच सांगून टाकलं. दोन भिक्षुक ब्राह्मण, हातात फक्त गाठोडी, आणि त्यांना बंडाची खबर छावणीतल्या साहेबांच्या आधी. इंग्रजांकडे तेव्हा तार होती. १८५४ मध्येच आग्रा-मुंबई मार्ग सुरू झाला होता. शिपायांकडे माणसाकडून माणसाकडे जाणारं बोलणं होतं. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि त्याच रात्री महू पेटलं. गोडसेभटजींचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला तेव्हा ते हयात नव्हते. सुभेदारसाहेबांना मी ते पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, “ज्याला आपण कुणी समजत नाही, त्याच्यासमोर माणूस मोकळं बोलतो.” आणि पुन्हा क्रिंपिंगच्या पकडीत तार बसवू लागले.

कॅमेरा कुठे वळवायचा, हा प्रश्न डबे निवडण्याइतका सोपा निघाला नाही. फाटकावरून जे दिसतं त्यात अर्धा ओटा समोरच्यांचा येतो. त्या ओट्यावर समोरच्या काकी संध्याकाळी गहू निवडतात, त्यांची सून फोनवर बोलते, कधी डोळे पुसते. सॉफ्टवेअरमध्ये चित्रावर काळा चौकोन ठेवायची सोय आहे. तेवढा भाग साठतच नाही. मी ओटा झाकला. मग लक्षात आलं की हे फक्त मला ठाऊक आहे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला डोळा तोच, तिकडेच रोखलेला. काकींना मी फोनवर तो काळा चौकोन दाखवला. त्या म्हणाल्या, “अच्छा किया,” आणि दुसऱ्या दिवसापासून गहू निवडायला आतल्या बाजूला बसू लागल्या. चौकोन अजून आहे. त्या अजून आतच बसतात.

आणि एप्रिलमध्ये जयंती येते. १८९१ साली या छावणीच्या काली पलटणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी बाबासाहेबांचा जन्म झाला. गावाचं सरकारी नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे. १४ तारखेच्या आदल्या रात्रीपासून विदर्भ, खानदेश, मराठवाड्याच्या गाड्या येऊ लागतात. त्या दोन दिवसांत गल्लीबोळांत आमच्याहून अस्सल मराठी ऐकू येते. माणसं पाणी मागतात, ओट्यावर टेकतात, लहान पोरांना झोपवतात, पहाटे उठून निळे फेटे बांधतात. सासूबाई आतून पोहे पाठवतात, जिरावण घालून, आणि विदर्भातल्या बायका ते जिरावण बघून विचारतात, हे काय टाकलं? फ्रिगेट या सगळ्यांना ‘माणूस’ म्हणून टिपत होतं. एकेक चौकोन, एकेक वेळ. माणूस, माणूस, माणूस. अकोल्याच्या कुण्या आजीबाई आमच्या ओट्यावर पाय चेपत बसल्या होत्या त्याचं चित्र आमच्या डिस्कवर पंधरवडा राहणार, हे त्यांना कोण विचारणार? गेल्या जयंतीला मी फाटकाचा कॅमेरा दोन दिवस बंद ठेवला. आमच्या ह्यांचं म्हणणं, गर्दीच्या दिवशीच तर चालू पाहिजे. त्यांचंही चुकीचं नाही.

अंगणातला कॅमेरा खरं तर माकडांसाठी. वाळवणं त्यांच्या तावडीतून वाचावीत म्हणून. सासूबाईंनी सुरुवातीला त्याला विरोध केला. मग एक दिवस त्यांच्याच खोलीतल्या टीव्हीवर सुभेदारसाहेबांनी अंगण आणून दिलं, आणि आता त्या मालिका सोडून अंगण बघतात. पायांमुळे बाहेर जाववत नाही. चिंचेखाली खार उतरली की मला हाक येते. कुणी कुणाला बघायचं, याचा क्रम त्या पडद्याने उलटा करून टाकला आहे: ज्यांच्यावर लक्ष ठेवायला म्हणून घरोघरी कॅमेरे लागतात, त्या आमच्या घरात सगळ्यांत जास्त बघतात. दुपारी मी मागच्या दाराने बाहेर गेले तर परतल्यावर वेळ सांगतात.

पासवर्ड तीन ठिकाणी आहे. माझ्याकडे, सुभेदारसाहेबांच्या डायरीत, आणि एका पाकिटात, कपाटातल्या साडीखाली. आता पुण्याहून भाची मागते आहे. “मावशी, मला पण दे ना. तुम्ही तिघंच असता, मला काळजी वाटते.” तिची काळजी खरी आहे, हे मला ठाऊक आहे. कामाच्या मधल्या सुट्टीत ती फोन उघडेल, फाटक पाहील, अंगण पाहील, बरं वाटून फोन मिटेल. मग आठवड्याचा फोन दहा दिवसांवर जाईल का? बघितलंय की, म्हणून? की उलट होईल, रोज विचारेल, काल रात्री अकराला दिवा का लागला होता? कंपनीला नको म्हणताना मला इतका विचार करावा लागला नव्हता.

सुभेदारसाहेब म्हणतात, तिचं वेगळं खातं काढू, फक्त फाटक दिसेल, अंगण दिसणार नाही. सासूबाई म्हणतात, फाटकात काय आहे, तिला अंगणच दाखवा, मी बसलेली असते तिथे सकाळी. भाचीने काल पुन्हा विचारलं. मी म्हटलं, “बघते.”